क्लचर नीट बसावा म्हणून

क्लचर विकत घेताना बहुतेकजणी रंग आणि चमक बघतात. आधी बघायला हवी ती त्याची खोली. दोन्ही पंजे मिटलेले असताना आत किती पोकळी उरते आणि त्या पोकळीत आपल्या केसांचा पीळ मावतो का, यावरच तो संध्याकाळपर्यंत टिकणार की कॉलेजच्या पहिल्याच जिन्यात घसरणार हे ठरतं. एवढं एक लक्षात आलं की साध्या प्लॅस्टिकचा क्लचरही झकास बसतो. आणि ते लक्षात नसेल तर महागातला, मोत्यांनी मढवलेला क्लचरही दर अर्ध्या तासाने हातात काढून घ्यावा लागतो.

हे सगळं मी पुण्यातलं कर्वेनगर डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. मुलींचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय, भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालय, महिलाश्रम हायस्कूल आणि त्यांची वसतिगृहं एकाच परिसरात आहेत. सकाळी राजाराम पुलाकडून आणि कर्वे रस्त्याकडून येणाऱ्या दुचाक्यांवर डोळ्यांपुरता चेहरा उघडा ठेवून स्कार्फ गुंडाळलेल्या मुलींची रांग लागते. यांतल्या प्रत्येकीला दिवसातून कितीतरी वेळा केस बांधावे आणि सोडावे लागतात. हेल्मेट घालताना एक रचना, वर्गात दुसरी, वर्कशॉपमध्ये तिसरी, संध्याकाळी तुळशीबागेच्या बाजारात किंवा एफसी रोडवर जायचं तर चौथी. आरसा नाही, कंगवा पर्सच्या तळाशी आणि वेळ तर अजिबात नाही. अशा दिवसाला क्लचरइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही, म्हणून तो नीट वापरता यायला हवा. कर्वेनगरचाच विचार करण्याला आणखी एक जुनं कारण आहे, ते पुढे सांगते.

आधी क्लचर केस धरतो कसा ते पाहू. त्यात दातांचे दोन पंजे असतात, मध्ये बिजागरी आणि बिजागरीत बसवलेली स्प्रिंग. स्प्रिंगचं काम पंजे मिटलेले ठेवणं एवढंच, सगळ्या केसांचा भार पेलण्याची ताकद तिच्यात नसते. खरं काम दातांचं. दात पिळातून आरपार जाऊन डोक्यालगतच्या केसांत शिरले की पीळ आणि डोक्यालगतचे केस एकमेकांना अडकतात. पीळ उलगडू पाहतो, खालचे केस त्याला उलगडू देत नाहीत. डोक्यापासून सुटून लोंबणाऱ्या अंबाड्याला नुसता वरून क्लचर लावला, तर त्याला खाली धरायला काहीच मिळत नाही आणि तो अंबाड्यासकट मानेवर उतरतो. 'माझ्या केसांत क्लचर राहतच नाही' असं म्हणणाऱ्या दहाजणींपैकी बहुतेकींची अडचण हीच असते. केसांचा त्यात काही दोष नसतो.

आता कृती. पोनी घालायची असल्यासारखे सगळे केस मानेच्या वर एका हातात घ्या. रबर लावू नका. मुळापासून एकाच दिशेने पीळ द्यायला लागा आणि पीळ देतादेताच केस डोक्याला चिकटवून वर न्या. पीळ स्वतःवर वळायला लागेल इतका घट्ट हवा, पण कपाळाची कातडी ताणली जाईल इतका नको. शेंडे टाळूपर्यंत पोचले की खाली दुमडून पिळाच्या मागे खुपसा, किंवा तसेच वरून मोकळे सोडा. मोकळ्या शेंड्यांची रचना जीन्स-कुर्त्यावर जास्त शोभते, दुमडलेली साडीवर. मग क्लचर पूर्ण उघडा, एक पंजा पिळाच्या डावीकडे आणि दुसरा उजवीकडे धरा, दातांची टोकं डोक्याला हलकेच टेकवा आणि त्यानंतरच तो मिटू द्या. टोकं टेकवायची ही पायरी घाईत गळते. ती गाळू नका, सगळी पकड तिथेच आहे.

लावून झाल्यावर मान दोन्हीकडे जोरात हलवून बघा. सगळी रचना डुगडुगली तर पीळ सैल झालाय. क्लचर आपोआप उघडायला लागला तर आत केस जास्त झालेत, मोठा क्लचर घ्या किंवा शेंडे बाहेर काढा. टाळूला टोचलं तर दात तुमच्या केसांच्या मानाने लांब आहेत. आणि क्लचर पिळावरून सरळ खाली सरकला तर केस फार गुळगुळीत आहेत, नुकतेच धुतलेले किंवा तेल लावलेले. न्हाल्याच्या दुसऱ्या दिवशी केसांना जी किंचित खरबरीत पकड येते, ती क्लचरला सगळ्यात मानवते.

माप कसं निवडायचं? मानेपाशी पोनी धरून तिच्याभोवती शिवणाची टेप गुंडाळा. घेर ५ सेंटिमीटरच्या आत आला तर केस विरळ, १० च्या पुढे गेला तर दाट, मधलं सगळं मध्यम. मध्यम केसांना ७-८ सेंटिमीटर लांबीचा क्लचर बहुधा पुरतो. दाट आणि लांब केसांना १० ते १२ सेंटिमीटरचा, आणि तोही आतून खोल, कमानदार दातांचा लागतो. लांबी भरपूर पण दात बुटके आणि सरळ असलेले चपटे क्लचर दिसायला छान दिसतात, दाट केसांत मात्र ते वरवर बसतात आणि उडतात. ३-४ सेंटिमीटरचे छोटे क्लचर सगळे केस धरायला नाहीत, ते अर्धे केस बांधायला किंवा कपाळावरच्या बटा मागे घ्यायला.

विरळ आणि सरळ केसांच्या मुलींना वाटतं की मोठा क्लचर लावला की अंबाडा भरगच्च दिसेल. होतं उलटं. पोकळीत केस कमी पडतात आणि क्लचर रिकामा वाजतो. तुम्ही छोटा, जवळजवळ दातांचा, शक्यतो चमक नसलेल्या पृष्ठभागाचा क्लचर घ्या. आधी पातळ रबराने सैलशी पोनी घाला, तिला पीळ द्या आणि क्लचरचे दात त्या रबराच्या आतून जातील असे बसवा, रबर त्यांना खाली सरकू देत नाही. दुसरा उपाय उलट्या क्लचरचा. केसांना पीळ न देता मानेपाशी नुसते गोळा करा, दात खालच्या दिशेला ठेवून क्लचर पोनीवर आडवा मिटवा आणि मग तोच क्लचर वरच्या दिशेने पालथा करून दात डोक्यालगतच्या केसांत रुतवा. पालथा होताना केसांना आपोआप एक वळसा बसतो आणि विरळ केसही भरलेले दिसतात. पहिल्या वेळी जमत नाही, आरशाकडे पाठ करून हातात दुसरा छोटा आरसा धरला की हाताला वळण पटकन कळतं.

दाट आणि कमरेपर्यंतच्या केसांसाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती वेणीची रीत. साधी तीनपेडी वेणी घाला, तिचं भेंडोळं मानेच्या वर डोक्याला लावून गुंडाळा आणि त्यावर मोठा क्लचर बसवा. वेणीमुळे केसांचा पसारा आवरलेला असतो, दातांना शिरायला पेडांमधल्या फटी मिळतात आणि दुपारी क्लचर काढला तरी खाली वेणी तशीच तयार असते. तेही जड वाटत असेल तर केसांचे वरचा आणि खालचा असे दोन भाग करा. खालच्या भागाचा छोटा बुचडा घालून दोन आकडे खोचा, वरच्या भागाचा पीळ त्यावर आणून क्लचर लावा. भार वाटला जातो आणि मान दुखत नाही.

कुरळ्या केसांना पीळ द्यायच्या फंदात पडू नये. कोरड्या कुरळ्या केसांतून कंगवा फिरवला की ते फुलतात आणि वळणं मोडतात. बोटांनीच केस मागे घ्या, विरळ दातांचा मोठा क्लचर मागून वरच्या दिशेने लावा आणि कुरळे शेंडे वरून सांडू द्या. कुरळे केस एकमेकांत आपसूक अडकतात, त्यामुळे ते निसटतही नाहीत. ज्यांना लहानपणापासून 'केस चापूनचोपून बसव' असं ऐकावं लागलं त्या मुलींना ही रचना फार खुलून दिसते. त्यांनी ती बिनधास्त मिरवावी.

खांद्यापर्यंतचे केस असतील तर सगळे एकदम वर घेण्याचा अट्टहास सोडा, मानेवरचे छोटे केस निसटणारच. दोन्ही कानांवरून एकेक बट घेऊन मागे पिळत न्या आणि मध्यावर एकच छोटा क्लचर लावा. किंवा भांगाच्या दोन बाजूंना दोन छोटे. महिलाश्रमच्या काय किंवा कुठल्याही शाळेच्या मुलींना शाळेच्या वेळेत वेण्या किंवा ठरलेली रचना असते, त्यांना सुट्टीच्या दिवशी हे छोटे क्लचर पुरेसे.

वास्तुकलेच्या मुली क्लचर सापडला नाही की सरळ पेन्सिल खोचतात. तेही चालतं, पण पेन्सिल एकाच ठिकाणी धरते आणि मान खाली घालून ड्रॉइंग शीटवर वाकलं की निसटते. पेन्सिल पिळातून घालून तिचं टोक डोक्यालगतच्या केसांखालून काढायचं आणि पुन्हा पिळात परत घालायचं, म्हणजे टिकते. तत्त्व क्लचरचंच.

आता दुचाकीचं बोलू, कारण इथे प्रश्न फॅशनचा राहत नाही. क्लचर लावलेल्या डोक्यावर हेल्मेट बसत नाही. काहीजणी ते पुढे सरकवून कपाळावर घेतात, काहीजणी पट्टा सैल सोडतात, काहीजणी हेल्मेट कोपराला अडकवून निघतात. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम चालवणारी आणि मागे बसणारी अशा दोघींनाही लागू आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हेल्मेट डोक्याला सगळीकडून घट्ट टेकलेलं असेल तरच वाचवतं. डोकं आणि हेल्मेट यांच्यामध्ये कडक प्लॅस्टिक किंवा धातूचा क्लचर असेल तर पडल्यावर तोच कवटीवर दाबला जातो. म्हणून दुचाकीवर निघताना मानेपाशी, अगदी खाली सैल वेणी घाला, स्कार्फ तिच्यावरून बांधा, वर हेल्मेट. क्लचर पर्सच्या पट्ट्याला मिटवून ठेवा, हाताला लगेच लागतो. पोचल्यावर वेणी न सोडताच ती गुंडाळून क्लचर लावता येतो. हेल्मेटच्या घामाने ओले झालेले केस मात्र दोन मिनिटं वारा लागू देऊन मगच गुंडाळा.

चारचाकीतही हेच. सीटचा डोक्यामागचा आधार डोक्याला मागून टेकला पाहिजे. मध्ये क्लचर असेल तर एकतर मान पुढे राहते किंवा धक्का बसल्यावर क्लचर डोक्यात रुततो. लांबच्या प्रवासाला निघताना क्लचर काढून ठेवण्याची सवय लावून घ्या. झोपतानाही.

कमिन्सच्या मुलींना वर्कशॉपमध्ये लेथ, ड्रिल अशा फिरत्या यंत्रांसमोर उभं राहावं लागतं. तिथे क्लचरवर विसंबू नये. तो सुटला तर केस थेट पुढे येतात. घट्ट वेणी घालून ती एप्रनच्या आत घ्यावी, क्लचर बाहेर बॅगेत राहू द्यावा. तोच नियम मंगळागौरीच्या खेळांना. फुगडी आणि झिम्म्यात उडालेला क्लचर शेजारणीच्या तोंडावर बसतो. पावसाळ्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, तिथे कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाकायचं असतं, वर गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवशी फेटा. फेट्याखाली क्लचर राहिला तर तासाभरात डोकं ठणकायला लागतं. वेणी घालून ती आत दुमडली आणि दोन आकडे लावले की फेटाही नीट बसतो.

आता ते जुनं कारण. कर्वेनगर म्हणजे पूर्वीचं हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावरच्या एका झोपडीत आणला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायचं आणि पायी हिंगणं गाठायचं असा त्यांचा दिनक्रम होता. आश्रमात येणाऱ्या कितीतरीजणी बालविधवा होत्या, आणि नवरा गेल्यावर स्त्रीचे केस काढून टाकायचे ही त्या काळी ब्राह्मण घरांतली सक्ती होती. या रूढीविरुद्ध १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले होते आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला त्यांनी नकार दिला होता. हिंगण्याच्या आश्रमासाठी आयुष्य वेचणाऱ्या पार्वतीबाई आठवले या कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे यांच्या बहीण. तरुणपणी विधवा झाल्यावर त्यांनाही केशवपन सोसावं लागलं होतं. त्या शिकल्या, शिकवू लागल्या, आश्रमासाठी निधी गोळा करत गावोगाव फिरल्या, अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. पुढे त्यांनी केशवपन थांबवून केस वाढू दिले. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे.

ज्या माळावर एकेकाळी डोक्यावर पदर ओढून बसलेल्या मुली अक्षरं गिरवत होत्या, तिथेच आज त्यांच्या पणत्यांच्या वयाच्या मुली पीळ द्यायचा की मोकळे सोडायचे, हिरवा क्लचर लावायचा की काळा, हे आपलं आपण ठरवतात. मला ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाही. म्हणून घरातल्या आयांना आणि आज्यांना एक मनापासून सांगणं आहे. मुलीला पहिला क्लचर घेताना तो तिला निवडू द्या. तुम्ही मापाचं आणि स्प्रिंगचं तेवढं बघा. रंग, आकार, केस किती बांधायचे आणि किती सोडायचे, हे तिचं.

साडीवर क्लचर चालतो का, असं बऱ्याचजणी विचारतात. खुशाल चालतो. मराठी केशभूषेत डोक्यावर काही लेवायची हौस जुनीच आहे. राखडी, मूद, केतक, अग्रफूल, वेणीतले नाग हे सगळे केसांचेच दागिने. पैठणीवर किंवा नारायणपेठेवर क्लचर लावायचा असेल तर काठाच्या रंगाशी जुळणारा, चमक नसलेला घ्या आणि खाली मानेशी बसवा. गजरा क्लचरच्या दातांत अडकवू नका, फुलं चिरडतात आणि पाणी सुटून केस चिकट होतात. गजरा पिळाच्या बुडाशी गोल फिरवा, दोन्ही टोकं आकड्यांनी केसांत खोचा, त्यावर क्लचरचा फक्त वरचा भाग दिसू द्या. अंबाड्याचं सोन्याचं फूल असेल तर मात्र क्लचर लपवा. दोन्ही एकाच वेळी मिरवायला गेलं की दोन्ही फिके पडतात. नऊवारीवरचा पारंपरिक खोपा आकड्यांनीच घालावा, त्याची गोलाई क्लचरला जमत नाही.

केसांच्या तब्येतीकडे वळू. क्लचर रबराइतका केस कापत नाही हे खरं, पण रोज एकाच जागी, एकाच दिशेने ताण दिला तर तोही त्रास देतो. कपाळावरची किंवा कानांवरची केसांची रेघ हळूहळू मागे सरकणं याला त्वचारोगतज्ज्ञ ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. सततच्या ओढीमुळे केसांची मुळं दुबळी होतात. वेळीच ओढ थांबवली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर मुळंच मरतात. संध्याकाळी केस सोडल्यावर टाळू दुखत असेल, केसांच्या रेघेवर बारीक पुटकुळ्या किंवा तुटलेले आखूड केस दिसत असतील तर बांधणं सैल करा आणि जागा बदला. आज मानेपाशी तर उद्या वर, परवा नुसते अर्धे केस. क्लचर काढताना दातांत चारदोन केस अडकलेले दिसले की घाबरू नका, दिवसाला ५० ते १०० केस गळणं सामान्य आहे.

ओले केस क्लचरमध्ये गुंडाळणं ही सकाळच्या घाईतली सगळ्यात वाईट सवय. ओला केस जास्त ताणला जातो आणि ताणलेला केस लवकर तुटतो. शिवाय पिळाच्या आत ओल तासन्‌तास राहते, टाळूला वास येतो आणि कोंड्याला आयतंच निमित्त मिळतं. सकाळी सातचं लेक्चर असेल तर आदल्या संध्याकाळी न्हा. पावसाळ्यात भिजून आलात तर आधी टॉवेलने टिपा, सोडून ठेवा, बांधायचं नंतर. ओलसर केसांत रोज राहिलेल्या क्लचरची स्प्रिंगही गंजते आणि तिचे तांबूस डाग फिक्या रंगाच्या कपड्यांवर उतरतात.

आता खरेदी. तुळशीबागेत क्लचर कार्डावर टांगलेले असतात आणि गर्दीत ते हातात घेऊन बघायचा धीर होत नाही. तो करा, दुकानदार नाही म्हणत नाहीत. क्लचर चारपाच वेळा उघडून मिटवा. स्प्रिंग करकरत असेल, किंवा मिटल्यावर दोन्ही पंजांचे दात एकमेकांत नीट न बसता वेडेवाकडे राहत असतील, तर परत ठेवा. दातांच्या कडेवरून बोटाचं टोक फिरवा. साच्यात ओतलेल्या स्वस्त प्लॅस्टिकला जोडाच्या जागी बारीक धार राहते, ती केस चिरते. आवडलेल्याच क्लचरला अशी धार असेल तर घरी नखांच्या कानशीने हलकेच घासून काढता येते. दात तुटलेला क्लचर मात्र वापरू नका, तुटलेली कड केस ओढून काढते. शक्य असेल तर रविवार टाळून आठवड्यातल्या दुपारी जा, निवांत निवडता येतं.

थोडा जास्त खर्च करायची तयारी असेल तर सेल्युलोज ॲसिटेटचा क्लचर घ्या. हे द्रव्य लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंपासून तयार होतं, चष्म्याच्या चांगल्या फ्रेमाही त्याच्याच असतात. त्याचे पत्रे कापून, घासून, पॉलिश करून क्लचर बनवतात, त्यामुळे जोडाची धार राहत नाही आणि दात थोडे लवचीक असतात. त्यावर दिसणारी पिवळी-तपकिरी कासवाची नक्षी ही नक्कल आहे, आणि ती नक्कलच असायला हवी. पूर्वी या नक्षीचे कंगवे समुद्री कासवाच्या कवचाचे करत. त्या कासवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७७ पासून बंदी आहे आणि आपल्याकडेही कायद्याने त्यांना संरक्षण आहे. ॲसिटेटला नेलपॉलिश रिमूव्हर लागू देऊ नका, त्यातलं ॲसिटोन ते विरघळवतं. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत विसरलात तर पंजे वाकडे होऊ शकतात, साध्या प्लॅस्टिकचे तर लवकर ठिसूळही होतात.

क्लचरचा हा आकार फार जुना नाही. १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये ख्रिस्तियान पोत्यू यांनी तो घडवला, नव्वदीत तो जगभर पसरला, मधे काही वर्षं फक्त घरात भांडी घासताना लावायची वस्तू म्हणून उरला आणि गेल्या काही वर्षांत पुन्हा दिमाखात बाहेर आला. तुमच्या आईच्या कपाटात नव्वदीतला एखादा जाड, खोल क्लचर असेल तर तो जरूर मागून घ्या. धुऊन वापरायला काहीच हरकत नाही. कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब, जुन्या टूथब्रशने दातांच्या फटी आणि बिजागरी घासायची, उघडा ठेवून पूर्ण वाळवायचा. रोजच्या वापरातलाही महिन्यातून एकदा असाच धुवावा, दातांच्या मुळाशी तेल आणि कोंडा साठतो.

वयस्क बायकांसाठी क्लचर फार कामाचा आहे, आणि त्यांचा विचार फॅशनच्या गप्पांत कुणी करत नाही. संधिवाताने बोटं आखडली की वेणीचे पेड हातात येत नाहीत, आकडे पकडता येत नाहीत. खांदा आखडलेला असेल तर हात डोक्यामागे जातच नाही. अशा वेळी केस मागे घेण्याऐवजी एका खांद्यावरून पुढे घ्यावेत, डोळ्यांसमोर पीळ द्यावा, तो कानामागून डोक्याला लावून वर न्यावा आणि तिथेच बाजूला क्लचर लावावा. टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून मान थोडी खाली घातली तर खांदा न उचलताही हे जमतं. क्लचर मध्यम मापाचा, हलक्या स्प्रिंगचा हवा, आणि त्याचे दाबायचे पंख रुंद हवेत, म्हणजे बोटांच्या टोकांवर जोर न देता अंगठा आणि तळहात यांच्यामध्ये धरून तो उघडता येतो. आईसाठी किंवा आजीसाठी घेणार असाल तर तिला दुकानात सोबत न्या आणि तो तिच्याच हाताने उघडून बघू द्या.